जैवतंत्रज्ञान उद्योगाची क्षमता कशी घडते? नागपूर-विदर्भाचा इतिहास आणि आपल्या तरुणांपुढचा प्रश्न

उत्तर नागपुरातल्या अभ्यासिकांमध्ये करिअर मार्गदर्शनासाठी आम्ही जातो, तेव्हा दरवर्षी एक प्रश्न हमखास येतो. "सर, बायोटेक्नॉलॉजीत बी.एस्सी. केलं, एम.एस्सी. केलं. आता नोकरी कुठे?" विचारणारी बहुतेकदा मुलगी असते. गुण चांगले असतात. आईवडिलांनी कर्ज काढून फी भरलेली असते. आमच्याकडे तिला द्यायला जे उत्तर असते ते पुण्याचे, हैदराबादचे किंवा बंगळुरूचे असते. नागपूरचे नसते.

हे विचित्र आहे, कारण नागपुरात संशोधनसंस्थांची वाण नाही. केंद्रीय कापूस संशोधन संस्था येथे आहे. नीरी येथे आहे. केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था येथे आहे. लक्ष्मीनारायण तंत्रशास्त्र संस्था १९४२पासून येथे आहे. विद्यापीठ आहे, मेडिकल आहे, आता एम्सही आहे. कापूस आणि संत्रा ही दोन मोठी पिके शहराच्या वेशीवर आहेत. इतके सगळे असूनही येथे जैवतंत्रज्ञानाचा मोठा उद्योग का उभा राहिला नाही? आणि जो काही उभा राहिला त्यात शिकण्याची संधी कोणाला मिळाली? या लेखात आम्ही या दोन प्रश्नांची माहिती एकत्र मांडत आहोत.

क्षमता म्हणजे नेमके काय?

एखाद्या कंपनीने कोट्यवधींची यंत्रे आणली म्हणजे तिच्याकडे क्षमता आली असे होत नाही. यंत्र विकत मिळते, ते चालवण्याची जाण विकत मिळत नाही. प्रयोगशाळेत पेशी वाढवताना एका चुकीने संपूर्ण बॅच बुरशीने खराब होते. ही चूक कुठे होते हे पुस्तकात लिहिलेले असते, पण हाताला ते कळायला महिने लागतात. विचारवंत मायकेल पोलान्यी यांनी अशा ज्ञानाला न सांगता येणारे ज्ञान मानले. ते एका माणसाकडून दुसऱ्याकडे जाते ते शेजारी उभे राहून, बघून, करून आणि चुकून.

अर्थतज्ज्ञ इडिथ पेनरोज यांनी १९५९मध्ये कंपन्यांच्या वाढीवर जो ग्रंथ लिहिला त्याचा गाभाही हाच आहे. कंपनी म्हणजे माणसांच्या अनुभवाचा साठा. हा साठा जितका वाढतो तितकी ती नवे काम अंगावर घेऊ शकते. साधारणपणे या वाढीच्या तीन पायऱ्या दिसतात. पहिली, दुसऱ्याने शोधलेली वस्तू ठरलेल्या पद्धतीने बनवता येणे. दुसरी, ती आपल्या हवामानाला, कच्च्या मालाला आणि गिऱ्हाइकाला जुळेल अशी बदलता येणे. तिसरी, नवी वस्तू स्वतः शोधता येणे. बहुतेक उद्योग पहिल्या पायरीवर सुरू होतात. काही तिथेच राहतात.

प्रदेशाचेही तसेच असते. एका गावात एकाच धंद्याची अनेक माणसे राहिली की त्या धंद्याची गुपिते हवेत मिसळल्यासारखी सगळ्यांना कळू लागतात, असे अल्फ्रेड मार्शल यांनी १८९०मध्ये लिहिले होते. आपल्याकडचे उदाहरण घ्यायचे तर अमरावती जिल्ह्यातल्या शेंदुरजनाघाटचे घेता येईल. तिथे संत्र्याच्या कलमांच्या रोपवाटिका आहेत. जंभेरीच्या खुंटावर डोळा कसा बांधायचा हे तिथल्या पोराला कोणी वर्गात शिकवत नाही. पण "हवेत मिसळलेले" म्हणताना एक गोष्ट मार्शलसाहेबांच्या ध्यानात येणे शक्य नव्हते. आपल्या देशात हवाही सगळ्यांना सारखी मिळत नाही.

एम्प्रेस मिल: नागपूरची पहिली शाळा

नागपूरला औद्योगिक क्षमता म्हणजे काय हे प्रथम कळले ते एम्प्रेस मिलमुळे. जमशेदजी टाटांनी १ जानेवारी १८७७ रोजी ही गिरणी सुरू केली. रेल्वे १८६७मध्ये नागपूरला पोहोचली होती, कापूस दाराशी होता, कोळसा वरोऱ्याला होता. सुरुवातीची यंत्रे हलकी निघाली. ती बदलावी लागली. पुढे सूत कातण्याचे रिंग चाते भारतात अजून रुळलेले नव्हते, तेव्हा याच गिरणीत त्याचा प्रयोग झाला. गिरणीच्या व्यवस्थापनासाठी नेमलेले बेझनजी मेहता रेल्वेच्या मालवाहतूक खात्यातून आलेले होते. त्यांना कापडधंद्याचा अनुभव नव्हता. ते आणि त्यांचे कामगार कामावरच शिकले.

या गिरणीत आणि नंतरच्या मॉडेल मिलमध्ये आपल्या समाजातली हजारो माणसे कामाला होती. अनेकांच्या घरात आजोबा "मिलमध्ये" होते. रोख पगार आला, मुले शाळेत गेली, वस्त्यांमध्ये संघटना उभ्या राहिल्या. जुलै १९४२मध्ये शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनची स्थापना नागपुरात झाली आणि १९५६ची धम्मदीक्षाही नागपुरात झाली. त्यामागे स्वतःच्या कमाईवर उभा राहिलेला हा कामगारवर्ग होता. एम्प्रेस मिल तोट्यात गेल्यावर १९८६मध्ये राज्याच्या वस्त्रोद्योग महामंडळाकडे आली आणि २००२मध्ये कायमची बंद झाली.

पण गिरण्यांचा इतिहास सांगताना मुंबईची एक गोष्ट विसरता येत नाही. तिथल्या गिरण्यांत साचेखात्यात, म्हणजे विणकाम विभागात, अस्पृश्य कामगारांना घेत नसत. धोट्यातली कांडी बदलताना धागा तोंडाने ओढावा लागे आणि अस्पृश्याचे तोंड लागलेला धोटा इतर कामगारांना चालत नसे. साचेखात्यात पगार जास्त होता. बाबासाहेबांनी १९२८च्या संपाच्या काळात हा प्रश्न जाहीरपणे मांडला. आपण याकडे केवळ पगाराचा अन्याय म्हणून बघतो. खरे तर त्याहून मोठे नुकसान शिकण्याचे होते. जे खाते बंद त्या खात्यातले कौशल्य बंद, त्या कौशल्यातून पुढे मुकादम, जॉबर किंवा छोटा मालक होण्याची वाटही बंद. क्षमता करून करून येते. ज्याला करूच दिले नाही त्याच्याकडे ती नाही असे म्हणणे म्हणजे हात बांधून पोहण्याची परीक्षा घेणे आहे.

बाबासाहेबांना उद्योगाचे महत्त्व फार आधी कळले होते. १९१८मध्ये भारतातल्या लहान शेतजमिनींवर लिहिलेल्या निबंधात त्यांनी दाखवले की जमिनीवर माणसांचा भार जास्त आहे आणि त्यावर खरा उपाय औद्योगिकीकरण हा आहे. १९४२मध्ये व्हाइसरॉयला दिलेल्या निवेदनात त्यांनी अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी विज्ञान आणि तंत्रशास्त्राच्या उच्च शिक्षणाची, त्यासाठी परदेशी पाठवण्याची मागणी केली. कला आणि कायद्याचे शिक्षण पुरेसे नाही, असे त्यांचे स्पष्ट मत होते. ते स्वतः बॅरिस्टर असताना हे सांगत होते.

१९७६: एकाच वर्षातल्या चार सुरुवाती

१९७६ हे साल लक्षात ठेवण्यासारखे आहे. त्या वर्षी नागपुरात केंद्रीय कापूस संशोधन संस्था सुरू झाली. अकोल्याला महाबीज, म्हणजे राज्य बियाणे महामंडळ, स्थापन झाले. नागपुरातच अंकुर सीड्स ही खासगी बियाणे कंपनी सुरू झाली. आणि त्याच वर्षी अमेरिकेत कॅलिफोर्नियामध्ये जेनेन्टेक नावाची छोटी कंपनी निघाली. हर्बर्ट बॉयर हे विद्यापीठातले शास्त्रज्ञ आणि रॉबर्ट स्वान्सन हा भांडवल पुरवणाऱ्या क्षेत्रातला तरुण, या दोघांनी ती काढली. १९७८मध्ये तिने जिवाणूंकडून मानवी इन्सुलिन तयार करून घेतले आणि १९८२मध्ये एलाय लिली या मोठ्या औषध कंपनीमार्फत ते बाजारात आले.

चारही सुरुवाती बीजाशी, जनुकाशी संबंधित होत्या. फरक साखळीत होता. कॅलिफोर्नियात शोध लावणारा, पैसा घालणारा आणि माल विकणारा हे एकमेकांशी बांधले गेले. आपल्याकडे कापूस संशोधन संस्था एका मंत्रालयाखाली, महाबीज राज्याच्या खात्याखाली आणि खासगी कंपनी आपल्या मार्गाने, असे तिघे तीन रस्त्यांनी चालले.

तरीही विदर्भ-मराठवाड्यात बियाणे उद्योग वाढला, हे मान्य केले पाहिजे. त्याचे कारण संकरित वाण. १९७०मध्ये सुरतच्या संशोधन केंद्रातून एच-४ हा कापसाचा पहिला संकरित वाण आला. संकरित बियाणे शेतकऱ्याला दरवर्षी नव्याने घ्यावे लागते, त्यामुळे कंपनीला दरवर्षी गिऱ्हाईक मिळते. जालन्यात बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४मध्ये सुरू केलेली महिको याच पायावर मोठी झाली. सरकारी संस्थांनी शोधलेले वाण वाढवणे ही या कंपन्यांची पहिली पायरी होती. स्वतःचे वाण पैदास करणे ही दुसरी.

बीटी कापूस: उसन्या जनुकावर उभा उद्योग

तिसऱ्या पायरीची परीक्षा बीटी कापसाने घेतली. महिको आणि मोन्सँटो यांनी १९९८मध्ये भागीदारीत कंपनी काढली. २६ मार्च २००२ रोजी केंद्राच्या समितीने तीन बीटी संकरित वाणांना परवानगी दिली. २००६मध्ये दोन जनुकांचा बोलगार्ड-२ आला. देशातल्या इतर बियाणे कंपन्यांनी, नागपूरच्या अंकुरसह, परवाना घेऊन ते जनुक आपापल्या वाणांत घातले.

येथे उद्योगाने काय शिकले? परक्या जनुकाचा आपल्या वाणात संकर करणे, त्याची चाचणी घेणे, परवानगीची कागदपत्रे तयार करणे, हे सगळे शिकले. दुसरी पायरी पक्की झाली. पण जनुक स्वतः शोधून वनस्पतीत बसवण्याची तिसरी पायरी परवान्याच्या पलीकडेच राहिली. सुरुवातीला एका पाकिटाची किंमत १६०० रुपयांच्या पुढे होती आणि त्यातला मोठा वाटा तंत्रज्ञान-शुल्काचा होता. २००६मध्ये आंध्र सरकार मक्तेदारी आयोगाकडे गेले तेव्हा किंमत खाली आली. २०१६पासून केंद्राने दर ठरवायला सुरुवात केली. त्या वर्षी बोलगार्ड-२चे पाकीट ८०० रुपये आणि त्यात तंत्रज्ञान-शुल्क ४९ रुपये ठरले. २०२०मध्ये हे शुल्क काढूनच टाकले.

सरकारी संस्थांनी तिसरी पायरी चढण्याचा प्रयत्न केला नाही असे नाही. नागपूरची कापूस संशोधन संस्था आणि धारवाडचे कृषी विद्यापीठ यांच्या सहभागातून "बिकानेरी नरमा बीटी" हा सरळ वाण २००९मध्ये बाजारात आला. सरळ वाण म्हणजे शेतकरी घरचे बी पुन्हा पेरू शकतो. कोरडवाहू विदर्भासाठी ही मोठी गोष्ट ठरली असती. पण त्यात मोन्सँटोच्या जनुकाचा अंश सापडला आणि विक्री थांबवावी लागली. सोपोरी समितीने २०१२मध्ये त्यावर अहवाल दिला. या प्रकरणातून धडा घ्यायचा तो असा की क्षमता फक्त हुशार शास्त्रज्ञांत नसते. नमुने वेगळे ठेवणे, प्रत्येक टप्प्याची नोंद करणे, दुसऱ्याकडून तपासून घेणे या कंटाळवाण्या शिस्तीतही ती असते. याच संस्थेने बियाण्यात बीटी प्रथिन आहे की नाही हे ओळखणारे तपासणी संच तयार केले आणि बोगस बियाणे पकडण्यासाठी ते उपयोगी पडले. म्हणजे क्षमता होती. ती शेवटपर्यंत नेणारी व्यवस्था तोकडी पडली.

या अर्धवटपणाची किंमत कोणी दिली? २०१७मध्ये गुलाबी बोंडअळी बीटीला जुमानेनाशी झाली आणि विदर्भाचे पीक हातचे गेले. त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर मेले. पाठीवर पंप घेऊन फवारणारा मजूर कोणत्या समाजातला असतो हे आपल्याला वेगळे सांगायला नको.

इतर शहरांना जे जमले

हैदराबाद आणि पुण्याचे उदाहरण पाहिले की साखळी कशी जुळते हे कळते. पिंपरीत १९५४मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना सुरू झाला. हैदराबादला सरकारच्या आयडीपीएलचा कारखाना आला. १९७०च्या पेटंट कायद्याने औषधाऐवजी ते बनवण्याच्या पद्धतीलाच पेटंट ठेवले, त्यामुळे वेगळ्या पद्धतीने तेच औषध बनवण्याची मुभा मिळाली. आयडीपीएलमध्ये काम केलेले अंजी रेड्डी बाहेर पडले आणि १९८४मध्ये त्यांनी स्वतःची कंपनी काढली. सरकारी कारखाना पुढे आजारी पडला, पण तिथे घडलेली माणसे शहरात राहिली.

शांता बायोटेक्निक्सची गोष्ट आणखी बोलकी आहे. वरप्रसाद रेड्डी हे इलेक्ट्रॉनिक्सचे इंजिनिअर. १९९३मध्ये त्यांनी कंपनी काढली तेव्हा स्वतःची प्रयोगशाळा नव्हती. उस्मानिया विद्यापीठ आणि सीसीएमबी या सार्वजनिक संस्थांनी जागा दिली. १९९७मध्ये त्यांची हिपॅटायटिस-बीची लस आली आणि आयात लशीपेक्षा खूप स्वस्तात मिळू लागली. पुण्यात सीरम इन्स्टिट्यूट १९६६मध्ये सुरू झाली. मालकांच्या घोड्यांच्या फार्ममधले निवृत्त घोडे हाफकिनला सीरम बनवण्यासाठी दिले जात, त्यातून ही कल्पना सुचली. बंगळुरूच्या बायोकॉनने १९७८मध्ये पपईच्या चिकापासून विकर काढण्यापासून सुरुवात केली आणि पुढे इन्सुलिनपर्यंत मजल मारली.

या सगळ्यांत तीन गोष्टी समान आहेत. सुरुवात साध्या मालापासून झाली. सार्वजनिक संस्थेचा आधार मिळाला. आणि मालकाकडे अपयश पचवण्याइतकी घरची ताकद, ओळखी आणि पत होती. पहिल्या दोन गोष्टी नागपूरला शक्य आहेत. तिसरी आपल्या तरुणांकडे नसते.

आज नागपुरात काय आहे?

नीरीने कोरोनाच्या काळात मीठपाण्याच्या गुळण्यांवर आधारित आरटी-पीसीआर चाचणी विकसित केली. नाकात काडी घालायची गरज नाही, महागड्या आरएनए किटची गरज नाही. ग्रामीण भागासाठी ती सोयीची होती. सप्टेंबर २०२१मध्ये नीरीने हे तंत्रज्ञान सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग मंत्रालयाला दिले. कोणा एका कंपनीची मक्तेदारी न ठेवता अनेकांना ते वापरता यावे, हा त्यामागचा हेतू. लिंबूवर्गीय फळ संस्था सूक्ष्मदर्शकाखाली कोवळ्या शेंड्याचे कलम करून रोगमुक्त संत्रा-रोपे तयार करते. डिंक्या आणि विषाणूजन्य रोगांनी बागा वाळत असताना या रोपांना मागणी आहे. रायझोबियम, ट्रायकोडर्मा यांसारखी जैविक खते आणि बुरशीनाशके तर तुलनेने कमी भांडवलात तयार होतात.

म्हणजे साधा माल आहे, संस्था आहेत, गिऱ्हाईकही आहे. मधला दुवा नाही. पदवीधराला संस्थेच्या दारातून आत नेणारा आणि संस्थेतले तंत्र वस्तीतल्या छोट्या उद्योगापर्यंत आणणारा तो दुवा.

आमच्या ओळखीच्या एका मुलीने एम.एस्सी. पूर्ण केले तोपर्यंत पीसीआर यंत्र स्वतःच्या हाताने एकदाही चालवले नव्हते. कॉलेजात यंत्र होते, पण ते कुलपात होते. तपासणी समिती आली की उघडायचे. मुलाखतीत तिला विचारले, "हँड्स-ऑन आहे का?" ती खोटे बोलली नाही. जुन्या साचेखात्याचे कुलूप आता असे लागते. कोणी जात विचारत नाही, अनुभव विचारतात.

जात विचारली जात नाही हेही पूर्ण खरे नाही. सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांनी २००७मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात खासगी कंपन्यांना सारख्याच पात्रतेचे अर्ज वेगवेगळ्या आडनावांनी पाठवले होते. दलित आडनावाच्या अर्जांना बोलावणे लक्षणीयरीत्या कमी आले. खासगी क्षेत्रात आरक्षण नाही, आणि जैवतंत्रज्ञान उद्योग जवळजवळ सगळा खासगी आहे.

काय करता येईल?

पहिले, प्रवेश घेण्याआधी विचारा. त्या विभागात कोणती यंत्रे चालू आहेत, विद्यार्थी स्वतः किती तास वापरतात, प्रकल्प कुठे करायला मिळतो? माहितीपत्रकातली चित्रे पाहून फी भरू नका. आधीच्या वर्षाच्या दोन विद्यार्थ्यांना भेटा.

दुसरे, दुसऱ्या वर्षापासूनच नीरी, कापूस संस्था, लिंबूवर्गीय संस्था यांच्याकडे प्रशिक्षण आणि प्रकल्पासाठी अर्ज करा. नाही म्हटले तर पुन्हा करा. प्रयोगाची वही रोज लिहा. गुणवत्ता-तपासणी, नोंदी, नियमांची कागदपत्रे या कामांना कमी लेखू नका. उद्योगात आत शिरण्याचे बहुतेक दरवाजे तिथेच आहेत.

तिसरे, ज्यांना स्वतःचे काही करायचे आहे त्यांनी योजना नावानिशी माहीत करून घ्याव्यात. अनुसूचित जातींसाठीचा व्हेंचर कॅपिटल फंड २०१५मध्ये सुरू झाला. २०२०मध्ये सुरू झालेल्या आंबेडकर सोशल इनोव्हेशन अँड इन्क्युबेशन मिशनमध्ये निवडलेल्या तरुण उद्योजकाला तीन वर्षांत ३० लाख रुपयांपर्यंत भांडवल देण्याची तरतूद आहे. जैवतंत्रज्ञानासाठी बायरॅकचे ५० लाखांपर्यंतचे अनुदान वेगळे आहे. केंद्राच्या खरेदी धोरणात ४ टक्के खरेदी अनुसूचित जाती-जमातींच्या सूक्ष्म व लघु उद्योगांकडून व्हावी असे ठरलेले आहे. आपल्या भागातल्या केंद्रीय कार्यालयांनी आणि उपक्रमांनी ते पाळले का, हे माहितीच्या अधिकारात विचारणे कार्यकर्त्यांचे काम आहे.

चौथे काम संघटनांचे. आपण पुतळ्यांसाठी, विहारांसाठी वर्गणी काढतो. ती काढलीच पाहिजे. त्यातला एक भाग दोन-तीन अभ्यासिकांनी मिळून एका छोट्या सामायिक प्रयोगशाळेसाठी वेगळा काढला तर? ऑटोक्लेव्ह, लॅमिनार, सूक्ष्मदर्शक आणि शिकवणारा एक निवृत्त तंत्रज्ञ एवढ्याने सुरुवात होते. तिथे ट्रायकोडर्माची एक बॅच खराब झाली तरी चालेल. ती पुन्हा करता येईल, आणि पुढच्या मुलाखतीत "हँड्स-ऑन आहे का?" असे विचारले की आपली मुलगी हो म्हणेल. खरे बोलून.

जय भीम.